जुन्या घरात अर्थिंगची तार कुठून न्यावी, कशी न्यावी

जुन्या घरात अर्थिंग करायचं ठरलं की सगळं बोलणं खड्ड्याभोवती फिरतं. किती फूट खोल, मीठ किती, कोळसा किती, तांब्याची प्लेट की जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप. खड्डा लागतोच. पण अर्थिंग फसतं ते बहुतेक वेळा खड्ड्यापासून गीझरपर्यंतच्या वाटेवर. तार जिन्याखाली एका गंजलेल्या बोल्टला अडकवलेली असते, वरच्या मजल्यावर ती पोचलेलीच नसते, बाथरूमच्या बोर्डात हिरवी वायर गुंडाळून मागे कोंबलेली असते. खड्डा उत्तम, तरी नळाला हात लावला की झिणझिण्या.

आमचं घर विटांच्या भिंतींचं, दोन मजली. वायरिंग झालं तेव्हा दिवे, पंखे आणि रेडिओ एवढीच गरज होती, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोनच वायरी. राहत्या घरात, कमीत कमी तोडफोड करून, तिसरी वायर सगळीकडे पोचवताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. स्वतंत्र घर, वाड्यातला भाग, गावाकडचं घर यांना ते जवळजवळ तसंच लागू पडेल. फ्लॅटसाठी काय वेगळं, ते पहिल्याच पायरीत आहे.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. पाहणी, वाट ठरवणं, सामान निवडणं आणि काम चालू असताना शेजारी उभं राहणं हे तुमचं काम. डीबी (सगळ्या सर्किटांचे स्विच असलेली मुख्य पेटी) उघडणं आणि जोडणी हे त्याचं. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून मेनपर्यंत येणारी वायर जिवंतच असते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असतानाही अर्ध्या घरात २३० व्होल्ट असतात. इन्व्हर्टर वेगळा बंद करा.

आधी जमवून ठेवा

कागद: अलीकडचं वीजबिल (मंजूर भार त्यावर असतो), जुना टेस्ट रिपोर्ट असेल तर तो, ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, सोसायटी असेल तर लेखी परवानगी, आणि घराचा हाताने काढलेला का होईना पण मापांसह नकाशा.

सामान: हिरवी किंवा हिरवी-पिवळी तांब्याची वायर (आयएस ६९४ छाप असलेली), कथिल चढवलेले लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), तांब्याची किंवा पितळेची अर्थ पट्टी, पाइपसाठी क्लँप, पीव्हीसी पाइप किंवा केसिंग-कॅपिंग (भिंतीवर बसवायची झाकणाची प्लास्टिक पट्टी), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच).

हत्यारं: मल्टिमीटर, वायर ओढायची स्प्रिंग, क्रिम्पिंगचा पक्कड, लांब बिटाचं ड्रिल. अर्थ टेस्टर (खड्ड्याचा रोध मोजणारा) आणि मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारा) ठेकेदाराकडे असले पाहिजेत. नसतील तर ठेकेदार बदला.

१. आहे ते काय आहे, हे आधी बघा

घरगुती सिंगल फेज जोडणीत आपल्याकडे खांबावरून बहुतेक ठिकाणी फेज आणि न्यूट्रल एवढंच येतं. अर्थ ग्राहकाने स्वतःचा करायचा असतो. यूट्यूबवर ब्रिटनमधले बाँडिंगचे (धातूचे पाइप अर्थला जोडण्याचे) व्हिडिओ बघून कामाला लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिकडे बऱ्याच घरांना वीज कंपनीच्या केबलमधूनच अर्थ मिळतो, त्यामुळे त्यांची मापं आणि जोडणी इथे जशीच्या तशी चालत नाही.

प्रत्येक तीन पिनी सॉकेट उघडून घ्या आणि मोठ्या पिनेला काय जोडलंय ते नोंदवा. सहसा यातलं एक दिसतं: काहीच नाही, कुठेतरी जाणारी बारीक जीआय तार, किंवा न्यूट्रलवरून टाकलेला छोटा तुकडा.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात घातक, आणि तो सर्रास दिसतो. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक वाटतं, मल्टिमीटरही २३० दाखवतो. पण मागे कुठेही न्यूट्रल तुटला, अगदी मीटरजवळचा एक स्क्रू सैल झाला, की फ्रिजच्या आणि वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. असा तुकडा दिसला तर तो त्याच दिवशी काढायला लावा. दुसरा जुना उपाय म्हणजे अर्थ म्हणून नळाच्या पाइपला तार बांधणं. आता रस्त्यातले पाइप प्लास्टिकचे झालेत, पाइप जमिनीला भिडतच नाही. आपल्या घरचा दोष शेजारच्या नळावर येतो.

फ्लॅट असेल तर खड्डा खणायचा प्रश्न नाही. इमारतीचा अर्थ मीटररूमपर्यंत येतो का आणि तिथून तुमच्या डीबीपर्यंत सलग वायर आहे का, एवढं तपासा. पुष्कळ जुन्या इमारतींत ती मीटररूममध्येच संपते. मग डक्टमधून नवी वायर वर आणावी लागते आणि त्यासाठी सोसायटीचं पत्र लागतं.

२. सगळ्या अर्थ वायरी कुठे एकत्र येणार, ते ठरवा

डीबीच्या आत किंवा लगेच शेजारी एक मुख्य अर्थ पट्टी हवी. खड्ड्याकडून येणारी तार इथे येते, प्रत्येक सर्किटची अर्थ वायर इथून निघते, आणि पाण्याच्या पाइपचं बाँडिंगही इथूनच निघतं. एका बोल्टखाली चार-चार वायरी पिळून घालू देऊ नका. एका वायरीला एक भोक, म्हणजे पुढे एखादी तपासायला काढली तरी बाकीच्या जागेवर राहतात.

या दोन प्रकारच्या तारांची कामं वेगळी आहेत. उपकरणाच्या पत्र्याला जोडलेली अर्थ वायर दोष आला की करंट वाहून नेते. पाइपला जोडलेली बाँडिंगची तार नळ, पाइप आणि गीझर यांना एकाच पातळीवर ठेवते, म्हणजे एक हात नळावर आणि दुसरा गीझरवर असताना अंगातून करंट जाण्याइतका फरक राहत नाही. ओल्या बाथरूममध्ये दोन्ही हव्यात.

३. वाट कागदावर काढा, मग ड्रिल हातात घ्या

या पायरीवर घाई करू नका. डीबीपासून प्रत्येक बोर्डापर्यंत तार कुठून जाईल हे नकाशावर रंगीत पेन्सिलने काढा. पर्याय साधारण चार.

जुन्या कॉन्ड्युटमधून (वायरी नेणाऱ्या पाइपातून). सर्वांत चांगला, जमला तर. पाइपात दोन वायरी असतील आणि जागा असेल तर जुन्या वायरीला नव्या तिन्ही बांधून एकदमच ओढून घ्यायच्या. नुसती अर्थ वायर जुन्या वायरींच्या शेजारून ढकलू नका. कडक झालेलं जुनं इन्सुलेशन घासून फाटतं. अर्थ वायर आपापल्या फेज-न्यूट्रलसोबत एकाच पाइपात असणं केव्हाही बरं. जुने लोखंडी कॉन्ड्युट असतील तर त्या पाइपालाच अर्थ समजू नका, कारण सांध्यांत गंज चढून ते आतून तुटलेले असतात. पण ते धातूचे आहेत, म्हणून त्यांनाही अर्थ जोडावाच लागतो.

केसिंग-कॅपिंगमधून. छताच्या कोपऱ्यातून किंवा दाराच्या चौकटीच्या कडेने पांढरी पट्टी नेली तर रंग दिल्यावर फारशी दिसत नाही. मातीच्या, जांभ्याच्या किंवा दगडमातीच्या भिंतींत हाच मार्ग घ्या. अशा भिंतीत कटर लावला की गिलावा ढलप्यांनी येतो. जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरचं वायरिंग असतं. त्या लाकडावर नवी वायर ठोकू नका, ती पट्टी वाळवीने पोकळ झालेली असू शकते.

बाहेरच्या भिंतीवरून. वरच्या मजल्यासाठी हा मार्ग मला सगळ्यात पटला. खालच्या डीबीतून एक जाड वायर बाहेर काढायची, कडक पीव्हीसी पाइपातून सरळ वर न्यायची आणि वरच्या मजल्यावरच्या छोट्या डीबीत आत घ्यायची. मुख्य फेज-न्यूट्रलही त्याच पाइपातून नेता येतात. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं पाडा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी वायरीच्या अंगाने थेट डीबीत येईल. बाहेर वायरीचा एक खाली लोंबता वळसा ठेवला की थेंब तिथेच गळून पडतो.

झिरी मारून. शेवटचा पर्याय. मारायचीच तर उभी किंवा आडवी, कधीही तिरकी नाही. तिरक्या झिरीतली वायर पुढे कोणीतरी फोटो टांगताना खिळ्याने भोसकतो. भार घेणाऱ्या विटांच्या भिंतीत लांब आडवी झिरी टाळा, आणि आरसीसीच्या बीम-कॉलमला कटर लावू देऊ नका. वायरमन म्हणेल, "एवढ्याशाने काय होतंय." नाही म्हणा.

झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा.

४. खड्डा

घराच्या पायापासून निदान दीड मीटर दूर, शक्यतो ओल राहते अशा जागी: बागेच्या कडेला, मोरीच्या पाण्याजवळ. नेहमीची पद्धत म्हणजे भोकं पाडलेला सुमारे ४० मिमी व्यासाचा, निदान २.५ मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाची विटांची पेटी. मीठ पाइपला खातं हेही खरं, त्यामुळे हा खड्डा कायमचा नसतो.

माती कोणती यावर सगळं अवलंबून आहे. काळ्या मातीत रीडिंग चांगलं येतं, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपभोवतीची पकड सुटते. कोकणातला जांभा पावसाळ्यानंतर लवकर कोरडा होतो. देशावर चार फुटांवर काळा कातळ लागला तर फोडत बसू नका. मुरुमात लांब चर खणून जीआय पट्टी आडवी पुरा, किंवा दोन पाइप घाला. दोन पाइपांत त्यांच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा आणि ते एकमेकांना जोडा.

"पाच ओहमच्या आत रीडिंग देतो" असं आश्वासन मिळेल. हिशोब करून बघा. १०० ओहम-मीटर रोधाच्या मध्यम मातीत २.५ मीटरचा नुसता पाइप साधारण ३५ ओहम देतो. कोळसा-मिठाने ते उतरतं, पण किती उतरलं हे अर्थ टेस्टरच सांगेल. हा आकडा सातव्या पायरीत पुन्हा लागणार आहे.

५. खड्ड्यापासून डीबीपर्यंत

जमिनीतून जाणारा भाग जीआय पट्टीचा असू द्या, २५ × ३ मिमी किंवा जाड. बारीक जीआय तार जमिनीत काही वर्षांत खाऊन जाते, आणि ती तुटली आहे हे वरून कुणालाच कळत नाही. पट्टी भिंतीपाशी जमिनीच्या वर आली की तिथून तांब्याची वायर. तांबं आणि जस्त थेट एकत्र ओलाव्यात राहिले की सांधा सडतो, म्हणून हा जोड जमिनीच्या वर, बंद डब्यात, कथिलाच्या लगने, दोन बोल्टांनी करा आणि वर ग्रीस लावा. डबा उघडता आला पाहिजे. गिलाव्यात गाडलेला जोड म्हणजे पुढच्या माणसासाठी कोडं.

तांब्याच्या वायरीचं माप: घरात येणारी मुख्य फेज वायर १६ चौरस मिमीपर्यंत असेल तर अर्थही तेवढ्याच मापाचा. साध्या घरात हे ६ किंवा १० येतं.

६. प्रत्येक बोर्डाला आणि पाइपांना

सर्किटची अर्थ वायर फेजच्याच मापाची: दिव्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, गीझर आणि एसीला ४ चौरस मिमी. दिव्यांच्या बोर्डांनाही अर्थ न्या. लोखंडी स्विचबॉक्स, ट्यूबलाइटची पट्टी, पंख्याचा सांगाडा हे सगळं धातूचंच आहे.

जिथे एका सॉकेटवरून वायर पुढच्याकडे जाते, तिथे अर्थ तोडून सॉकेटच्या दोन स्क्रूंमधून पुढे नेऊ देऊ नका. आधी वायरी एकत्र जोडून त्यातून एक शेपूट सॉकेटला द्या. नाहीतर उद्या कुणी एक सॉकेट बदलायला काढलं की त्यापुढचं सगळं घर अर्थाविना राहतं, आणि दिवे लागत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाँडिंग: बाहेरून घरात येणारा पाण्याचा पाइप धातूचा असेल तर तो शिरतो त्या जागेजवळ क्लँप लावून तिथून मुख्य अर्थ पट्टीपर्यंत ६ चौरस मिमीपेक्षा कमी नसलेली, मध्ये न जोडलेली सलग वायर आणा. पाइपवरचा रंग आणि गंज घासून चकचकीत करा, मगच क्लँप. क्लँप उघड्यावर ठेवा आणि शेजारी लिहा: "सुरक्षेचा जोड, काढू नये." प्लंबर पाइप बदलतो तेव्हा हाच जोड हरवतो.

बाथरूममध्ये गीझरची थंड-गरम लाइन जीआयची असेल तर दोन्ही पाइप ४ चौरस मिमी वायरीने एकमेकांना आणि गीझरच्या अर्थाला जोडा. सगळं सीपीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकचं, असेल तर पाइपला बाँडिंग नको. प्लास्टिकवर बसवलेल्या सुट्या नळाला वायर बांधून काही मिळत नाही. गॅसच्या पाइपला मात्र आपण होऊन काही जोडू नका आणि त्याचा अर्थ म्हणून वापर तर कधीच करू नका. बाँडिंग हवं वाटलं तर गॅस कंपनीला विचारा.

खिडकीचे गज जोडायचे का, असं बरेच जण विचारतात. साधारणपणे नको. पण गजाला बांधलेली कपडे वाळत घालायची लोखंडी तार आजच काढा आणि नायलॉनची दोरी लावा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर घासून त्या तारेला लागली की ओला टॉवेल टाकणारा माणूस जातो. पावसाळ्यात अशा बातम्या दर वर्षी येतात.

७. आरसीसीबी, आणि तो का सोडायचा नाही

आता तो ३५ ओहमचा आकडा घ्या. गीझरच्या पत्र्याला फेज लागला तर त्या खड्ड्यातून जास्तीत जास्त २३० भागिले ३५, म्हणजे साडेसहा अँपिअर वाहतील. गीझरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) २० अँपिअरचा. तो पडणारच नाही. अगदी ५ ओहमचा खड्डा असला तरी ४६ अँपिअर होतात, आणि २० अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला १०० ते २०० लागतात. तेवढा वेळ पत्रा जिवंत. म्हणजे आपल्याकडच्या घरात फक्त खड्डा आणि एमसीबी यांच्या भरवशावर राहता येत नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र एवढ्या गळतीला सेकंदाच्या अगदी छोट्या भागात पडतो. आणि आरसीसीबी आहे म्हणून अर्थ नको, हेही चूक: अर्थ नसेल तर गळतीला वाट मिळत नाही आणि ती पहिली वाट शोधते ती माणसाच्या अंगातून. दोन्ही लागतात.

बसवल्यावर तो सारखा पडू लागला तर वायरमन "हा पीसच खराब" म्हणत बायपास करायला निघेल. तसं करू देऊ नका. जुन्या घरात बहुधा दोन कारणं असतात. एक, जिन्याच्या दिव्यासारखं काहीतरी एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल घेऊन चालतं. दोन, इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. दोन्ही न्यूट्रल वेगळे केले की आरसीसीबी शांत होतो. उरलेलं कारण म्हणजे खरी गळती, सहसा जुना गीझर किंवा मोरीतला ओला बोर्ड. ती सापडली तर त्यासाठीच तो बसवला आहे.

८. तपासणी

फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून "बघा, लख्ख पेटला" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. अर्थ १०० ओहमइतका वाईट असला तरी बल्बला १९० च्या आसपास व्होल्ट मिळतात आणि तो पेटतोच. मल्टिमीटर तर त्याहून वाईट अर्थावरही २३० दाखवतो.

तीन गोष्टी मोजून घ्या. पहिली, सगळी वीज बंद करून, मुख्य अर्थ पट्टीपासून प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या पिनेपर्यंतचा रोध. २.५ चौरस मिमीच्या तांब्याचा रोध २० मीटरला ०.१५ ओहमच्या आसपास असतो. मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकांना टेकवून येणारा आकडा आधी वजा करा. एखाद्या सॉकेटला दोन-तीन ओहम आले तर वाटेत सैल जोड आहे. दुसरी, खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या सरळ रेषेत दूर रोवून, खड्ड्याची तार डीबीपासून सोडवून. अर्थ सुटलेला असेपर्यंत वीज बंदच राहिली पाहिजे. तिसरी, फेज आणि न्यूट्रलचं इन्सुलेशन मेगरने. त्याआधी टीव्ही, एलईडी दिवे, राउटर सगळं काढून ठेवा.

मग वीज चालू करून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पुढे दर महिन्याला बिल भरताना दाबत जा. ते बटण अर्थ तपासत नाही, फक्त आतली यंत्रणा चालते का ते बघतं. म्हणून खड्ड्याचं रीडिंग वर्षातून एकदा वेगळं घ्यावंच लागतं. ते मे महिन्यात घ्या. पावसाळ्यातलं रीडिंग नेहमी गोड येतं.

ठेकेदाराकडून तारीख, रीडिंग आणि सही असलेला टेस्ट रिपोर्ट घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. त्याची एक प्रत आणि तारांच्या वाटांचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीबीजवळच्या भिंतीवर अडकवा. पुढच्या वेळी ड्रिल घेऊन येणारा माणूस दुसरा कुणीतरी असेल, आणि त्याला ती जागा शोधावी लागता कामा नये.